पुढारणीच्या हाडाची रापी

मित्रांनो, मी एक जुनी रापी आहे. कातडं खरवडायची, हाडाची रापी. कॅरिबूच्या, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या मोठ्या हरणाच्या, मागच्या पायाची नडगी घ्या, एक टोक तिरकं तासा, त्या धारेला बारीक दाते पाडा, दुसऱ्या टोकाला मनगटात अडकवायची चामड्याची वादी बांधा, की झाले मी तयार. वाद्या आजवर किती बदलल्या, विचारू नका. हाड तेच आहे.

आणि हो, जुनी म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका. मला दयाबिया नको. जुनी आहे, मोडीत निघालेली नाही. आज सकाळीच माझ्याकडून काम करून घेतलंय, अजून दात्यांत ओलं कातडं अडकलेलं आहे. तेवढं सुकायच्या आत माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म एका चुकीतून झाला. आमचं गाव नदीच्या वळणावर आहे. हिवाळा सरता सरत नाही आणि उन्हाळा आला आला म्हणेपर्यंत निघून जातो, अशा मुलखात. माणसं ग्विचिन जमातीची. उन्हाळा संपला की कॅरिबूंचे कळप उत्तरेकडून डोंगर उतरून येतात आणि आमच्या गावापाशी नदी पोहून पलीकडे जातात. वर्षभराचं मांस, कपडे, जोडे, सगळं त्या काही दिवसांवर. माणसं नावा लपवून, श्वास धरून बसलेली असतात.

पण आमच्यात एक नेम आहे. कळपाच्या पुढे एक म्हातारी मादी चालते. ती पुढारीण. म्हणजे तुमच्या भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांसारखी नव्हे हं. ही बोलत नाही, चालते. तिला आणि तिच्या पाठच्या दोन-चार जणींना कुणी हात लावायचा नाही. कुत्र्यांची तोंडं बांधायची, चुली विझवायच्या आणि तिला नदी ओलांडू द्यायची. ती पलीकडच्या काठावर चढून अंग झटकते, आणि ते बघितलं की मागचा सगळा कळप निर्धास्त पाण्यात उतरतो. बंदुका त्यानंतर.

त्या वर्षी कळपांना फार उशीर झाला. एलायजा तेव्हा कोवळा नवरा होता. घरी डॉर्कस पोटुशी, मांस सुकवायचे माच रिकामे. समोर ती आली, शिंगं ताठ (कॅरिबूंच्या माद्यांनाही असतात), मान वर. एलायजाचा धीर सुटला आणि बोट दाबलं गेलं. ती उथळ पाण्यातच कोसळली. मागचा कळप क्षणभर थांबला, वळला आणि आला तसा डोंगरात निघून गेला.

ती पुढारीण म्हणजे मी. नदी मला ओलांडू दिली नाही, हे मी विसरलेले नाही.

काठावर कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे अशा वेळी ओरडत नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट लागतं. एलायजा खाली मान घालून उभा. शेवटी त्याची आई आली, टॅबिथा. हाडांचा सापळा, पण जीभ अशी धारदार की तिच्यावर कानस घासावी.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "सोल तिला. उभ्या उभ्या पश्चात्ताप होत नाही."

त्यानं सोललं. मांस रीतीप्रमाणे घरोघर गेलं, त्याच्या घरानं मात्र एक तुकडा ठेवला नाही. त्या हिवाळ्यात गावानं ससे आणि सुके मासे खाऊन दिवस काढले. ससा खाऊन पोट भरतं, पण अंगात चरबी राहत नाही, माणूस भरल्या पोटी वाळतो. दोन म्हातारी माणसं वसंत बघायला उरली नाहीत. त्याबद्दलही कुणी एलायजाला काही बोललं नाही.

नळीतला मगज म्हणजे आमच्याकडे मेवा. पोरं त्यासाठी भांडतात. टॅबिथानं मात्र माझी नडगी फोडू दिली नाही. उकळून उकळून तिची चरबी काढली, हिवाळाभर कानशीनं तासत बसली आणि तयार झाल्यावर सुनेच्या मनगटात माझी वादी अडकवली.

"सूनबाई, हिला पुढे जायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या दिवट्यानं अडवली. आता ही तुझ्या हातात पुढे जाईल. बसवून ठेवलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

डॉर्कसनं मला एक दिवस बसू दिलं नाही. मित्रांनो, कातडं कमावणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. ओलं कातडं दांड्यावर टाकायचं आणि आतल्या बाजूचं मांस, पापुद्रे खरवडत सुटायचं. खर्र, खर्र. खांदे भरून येतात. मग केस काढायचे, त्याच जनावराचा मेंदू पाण्यात कालवून ते कातड्यात मुरवायचं, काठीनं पीळ देऊन पिळायचं, ताणायचं, पुन्हा खरवडायचं, पुन्हा मुरवायचं. घाई केली की कातडं पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि चारचौघांत अब्रू जाते. शेवटी धूर द्यायचा. स्प्रूस नावाच्या झाडाच्या कुजक्या लाकडाचा, जाळ न होऊ देता. मग कातड्याला तांबूस रंग चढतो आणि एक वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

डॉर्कसचं कातडं साऱ्या नदीकाठी नावाजलेलं होतं. तिचा दीर एनॉक गावातला नंबर एकचा टवाळ. तो म्हणायचा, "वहिनी, तुमचा जोडा घालून शिकारीला जायची सोय नाही. कॅरिबू पळायच्या ऐवजी जवळ येतात आणि विचारतात, डॉर्कस बरी आहे ना?"

"भावोजी, त्यांना सांगा, मी बरी आहे," डॉर्कस मला न थांबवता म्हणायची. "आणि म्हणावं, माझ्या दिराला चार लाथा घालून जा. सकाळपासून नुसता चहा पितोय."

हे माझे सुखाचे दिवस. मी खरवडलेल्या कातड्याचे जोडे, हातमोजे, कुत्र्यांचे पट्टे, बाळं पाठीशी बांधायचे पट्टे, सगळं झालं. डॉर्कसची लेक पर्सिस माझ्याच आवाजावर झोपायची. आवाज थांबला की उठून रडायची.

पर्सिस सात वर्षांची झाली आणि तिला दूरच्या निवासी शाळेत नेण्यासाठी नाव आली. द्या म्हणून विचारायला आली नव्हती, न्यायला आली होती. डॉर्कसनं त्याआधी रात्रंदिवस खपून लेकीसाठी जोडा केला होता. वर मण्यांचं रानगुलाब, कडेला सशाची लव. त्याचं कातडं मी खरवडलं होतं, तेही अशा नाजूक हातानं की एक ओरखडा नाही. पोर नावेत बसली तेव्हा रडत नव्हती, आपल्या पायांकडे बघत होती.

ती परत आली ती पार उंच होऊन. पायांत रबरी बूट. डॉर्कसनं तिला कातडी कमावायच्या खोपटात बोलावलं, मला तिच्यापुढे धरलं. "ये. धर. तुझ्या वयाची होते तेव्हा मी दोन कातडी काढायची दिवसाला."

पर्सिसनं दोन्ही हात मागे नेले. "नको, आई. वास येतो."

"वास? अगं, याच वासात रांगायला शिकलीस तू!"

"मला नको म्हटलं ना!" पोर किंचाळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझा जोडा शाळेतल्यांनी पहिल्याच दिवशी शेगडीत जाळला. घाण वास येतो म्हणून."

पर्सिस निघून गेली आणि डॉर्कसनं त्या दुपारी कातडं असं खरवडलं की माझे दोन दाते तुटले. ते अजून नाहीत, बघा हवं तर. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. उतरवायचा माझा विचारही नाही.

पुढे पर्सिस गावच्या दुकानात कामाला लागली. आईवर जीव होता तिचा, लाकडं फोडून द्यायची, पाणी भरायची, पण खोपटाचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. वर्षं गेली. एलायजा गेला. डॉर्कसची बोटं वाळुंजाच्या मुळांसारखी वाकडी झाली, तिला मला धरवेना. एक दिवस तिनं मला पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

खिळ्यावरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. धूळ बसली. उंदरानं माझी वादी कुरतडली. मला दात लावायची मात्र त्याची छाती झाली नाही. पण खरं सांगते, मित्रांनो, आपलं काम कुणाला नको झालंय, हे दिवसरात्र बघत लटकणं फार वाईट. शेजारून मोटारीच्या नावा जायच्या, दुकानातून बूट यायचे, आणि मी आपली भिंतीकडे तोंड करून.

मग एका उन्हाळ्यात विमानातून एक गृहस्थ आले. दूरच्या शहरातल्या कुठल्याशा संग्रहालयाचे. माणूस वाईट नव्हता. पांढरे हातमोजे घालून त्यांनी मला उचललं, जणू मी फुटणार होते. म्हणाले, "अशी आता मिळत नाही. आम्ही हिला काचेत ठेवू. शेकडो वर्षं टिकेल." त्यांनी सोबत एक पेटी आणली होती. आत मऊ मऊ अस्तर, आणि त्यात माझं माप घेऊन माझ्याच आकाराचा खळगा कापला. मला त्यात निजवून बघितलं. अंगाला कुठेही हलायला जागा नाही. मला माझं मरण तिथे पहिल्यांदा दिसलं. गोळी लागली तेव्हाही दिसलं नव्हतं.

"देऊन टाकू, आई," पर्सिस चहा ओतताना म्हणाली. "खिळ्यावर लटकून काय करते ती? तिथे नीट तरी राहील."

"नीट?" डॉर्कस म्हणाली. "मग मलाही ठेवा म्हणावं काचेत. मीही नीट राहीन."

"अहो, असं नका करू," एनॉक त्या पाहुण्यांना घाबऱ्या चेहऱ्यानं म्हणाला. "बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ही बाई काचेआडून शिव्या घालेल."

पाहुणे हसले. घाई नाही म्हणाले, पेटी ठेवून गेले. उन्हाळा संपता संपता परत येणार होते. मी त्या खळग्यात पडून राहिले, झाकण उघडं होतं तेवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉर्कसची छाती भरली. दवाखान्यातल्या बाईंनी पर्सिसला बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीचं हृदय दमलंय, शहरात नेलं तर अंथरुणावर का होईना पण हिवाळा निघेल, इथे राहिली तर भरवसा नाही. पर्सिसनं त्याच संध्याकाळी आईची पिशवी भरायला घेतली.

"मी येत नाही," डॉर्कस म्हणाली.

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट तर हट्ट. मला एक जोडा पाहिजे. आपल्या घरी कमावलेल्या कातड्याचा. तो पायात घालून मी निघेन, पण विमानात बसायला नाही."

"तुझ्याकडे चार जोडी बूट पडलेत!"

"दुकानातले! ते घालून मरू मी? पलीकडे माझी सासू उभी असेल. ती तोंड नाही बघणार माझं, आधी पाय बघेल."

पर्सिस हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "कोण करणार जोडा? तुझे हात असे, आणि मला... मला नाही जमणार. मला तू पाहिजेस गं. एक हिवाळा तरी अजून."

डॉर्कसनं तिला शेजारी बसवलं. "पुढारणीला अडवलं की काय होतं, पर्सी?"

"कळप वळतो."

"मग मला अडवू नकोस. मला जाऊ दे, आणि तू माझ्यामागून ये. तुला वेळ आहे अजून पुष्कळ. पण वळू नकोस. या घरातून इथेच सगळं वळलं, तर मी पलीकडे गेले काय आणि न गेले काय."

पर्सिसनं पिशवी रिकामी केली नाही, पण पुढे भरलीही नाही.

कळप आले. एनॉकनं पुढच्यांना जाऊ दिलं, मागून एक नर टिपला आणि ते ओलं कातडं आणून पर्सिसच्या पायांशी धपकन टाकलं. "वहिनीनं मागितलं, मी आणलं. मलाही खरवडता येतं, पण ही बाई मेल्यावरसुद्धा नावं ठेवेल. तू बघ बाई."

पर्सिस त्या कातड्याकडे बघत उभी राहिली. मग घरात आली, पेटीपाशी वाकली आणि मला खळग्यातून उपसून काढलं. मोजेबिजे काही नाही, उघड्या हातानं. कुरतडलेली वादी फेकून नवी बांधली. मनगट आईच्याच मापाचं निघालं.

डॉर्कसला खोपटाच्या दारात गोधड्यांत गुंडाळून बसवलं. छाती भरलेली, पण तोंड शाबूत. "अगं, कातडं आहे ते, पातेलं घासतेस का? कोपर लाव कोपर! मनगट नुसतं मिरवायला नाही." पर्सिसला घाम फुटला. माझी धार तिच्या हातात इकडे तिकडे नाचत होती. मी माझ्या परीनं वाट दाखवत होते, पण माणूस हाडाचं किती ऐकणार! शेवटी धार सरकली आणि कातड्याला भोक पडलं.

पर्सिस मटकन खाली बसली. "मी नव्हतं सांगितलं, आई? माझ्या हाताला हे नाही जमणार. माझा हातच..." आणि मग जे इतकी वर्षं बोलली नव्हती ते बोलली. "जोडा त्यांनी नव्हता जाळला. मला जाळायला लावला. शेगडीचं दार उघडलं आणि म्हणाले, तूच टाक. मी टाकला, आई. आधी एक, मग दुसरा. याच हातानं."

एनॉकनंसुद्धा टोपी काढली.

"म्हणून हात मागे घेत होतीस?" डॉर्कस म्हणाली. "एवढी वर्षं? अगं माझ्या बाये, सात वर्षांची होतीस तू!" तिनं आपल्या वाकड्या बोटांनी लेकीचा हात धरला, मी मनगटाला लटकतच होते. "हा हात जाळायला लावणारे कुठे आहेत आज? दिसतायत का तुला? त्यांनी एक जोडा जाळला. मी त्यानंतर शंभर केले. आता तू कर. ऊठ. भोक शिवता येतं."

पर्सिस उठली. नाक पुसलं आणि मला कातड्यावर असं टेकवलं, की मला क्षणभर डॉर्कसचा तरुण हात आठवला. त्या दिवसानंतर तिची धार पुन्हा सरकली नाही असं नाही, दोनदा सरकली. पण बसली नाही ती.

कातडं धुरावर असताना विमान आलं आणि ते संग्रहालयाचे गृहस्थ दारात उभे राहिले. पर्सिस धुरानं डोळे लाल झालेली, कोपरापर्यंत हात बरबटलेले. तिनं आत जाऊन पेटी आणली. त्यांनी उघडली, तर माझ्या खळग्यात सुकवलेलं मांस दाबून भरलेलं.

"आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत," पर्सिस म्हणाली. "वाटेत खा."

"आणि ती रापी?"

"ती कामावर आहे."

गृहस्थांनी धुराकडे बघितलं, मान डोलावली आणि तिथेच एक तुकडा तोंडात टाकला. पुन्हा विचारलं नाही त्यांनी, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

जोडा झाला. वर रानगुलाब, पण मणी थोडे वाकडे. डॉर्कसनं तो पहिल्यांदा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी म्हटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, "धूर कमी पडलाय. सासूबाई बोलणार." मग पाय पुढे केले. पर्सिसनं जोडा चढवला, वाद्या घोट्याला गुंडाळल्या. डॉर्कस ते पाय गोधडीबाहेर काढून बसली आणि येईल त्याला दाखवत राहिली.

पहिलं बर्फ पडल्यावर, भर दुपारी, आपल्याच अंथरुणात ती गेली. गोठलेल्या जमिनीवर शेकोट्या पेटवून माणसांनी खड्डा खणला. सगळं गाव जेवलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी एनॉक पुढे झाला. आयुष्यभर टवाळी केलेला माणूस.

"पुढे व्हा, वहिनी," तो म्हणाला. "आम्ही येतो मागून."

आमच्यात म्हणतात, माणसाच्या काळजात थोडा कॅरिबू असतो आणि कॅरिबूच्या काळजात थोडं माणूस. मी नुसतं हाड, मला काळीज कुठलं? पण त्या वेळी पर्सिसच्या मनगटाला लटकून मला जे झालं, त्याला दुसरं काय म्हणायचं, मला ठाऊक नाही.

तर मित्रांनो, आज सकाळचं काम पर्सिसचं. खोपटात आता गावातल्या मुली येतात, ती त्यांच्यावर ओरडते. "पातेलं घासतेस का?" म्हणते. कुठून आलं ते, तुम्हाला माहीत आहे. माझी धार झिजत चालली आहे. दरवर्षी थोडी आखूड होते मी.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी ही सांगणार, जुन्या वस्तू जपा. मुळीच नाही सांगणार! जपू नका. तुमच्याही घरात कुठल्या तरी खिळ्यावर, कुठल्या तरी माळ्यावर कुणीतरी लटकत असेल. त्याला खाली काढा. पुसून परत ठेवू नका, कामाला लावा. हात खराब होऊ द्यात, भोकं पडू द्यात. मला काचेतली शंभर वर्षं नकोत. मला झिजवा.

आणि झिजून एक दिवस मी मोडेन. तेव्हा पर्सिसला, नाहीतर जिच्या हातात असेन तिला, माझं एकच मागणं आहे. मला पुरू नका, कुत्र्यापुढे टाकू नका. नावेत घाला आणि नदीच्या पलीकडच्या काठावर नेऊन ठेवा. तिकडेच निघाले होते मी. कुत्र्यांची तोंडं बांधा, बंदुका खाली ठेवा, आणि या वेळी मला जाऊ द्या.